पायरीवर ठेवलेली बाटली

चैत्रातलं ऊन तापलं होतं. परड्यातल्या शेवग्याची सावली सरकेल तशा कोंबड्या तिच्यामागे सरकत होत्या, आणि अंजना मात्र सावली अंगावर आली की उठून पुन्हा उन्हात जाऊन बसत होती. खांद्यावर धुळा धनगरानं दिलेलं काळं घोंगडं. सैपाकघराच्या दारातून रंगूबाई सकाळपासून हे बघत होत्या. आताही सून उठली, चार पावलं चालली आणि बसली. तेवढ्या चार पावलांत रंगूबाईंची एक भाकरी थापून तव्यावर पडलीसुद्धा.

तीन वर्षांपूर्वी याच पोरीला त्या दिवसातून दहादा म्हणत, "अंजे, जरा दम खा की गं." पाटणच्या डोंगरातून आलेली पोर, पायाला भिंगरी आणि जिभेलाही. शेवंता झाली आणि काय झालं कुणाला कळलंच नाही. आधी केस जायला लागले, मग तोंड सुजल्यासारखं दिसायला लागलं, आवाज पुरुषासारखा घोगरा झाला. कुणी काही विचारलं की उत्तर विहिरीच्या तळातून रहाटानं ओढून काढावं तसं सावकाश वर यायचं. भुताचं झालं, करणीचं झालं, बाळंतवाताचं झालं. शेवटी गेल्या जेठात जोतीराम पलटणीतून रजेवर आला आणि कुणाला न विचारता बायकोला बैलगाडीत घालून मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेला. सोबत रंगूबाईच गेल्या होत्या. तिथून एक तपकिरी बाटली आली, आणि श्रावण संपायच्या आत अंजना पुन्हा अंजना झाली.

आणि आता पुन्हा हे.

का, ते घरात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक अंजना. दुसऱ्या रंगूबाई. जोतीरामनं चार दिवसांपूर्वी येताना आणलेली नवी कोरी बाटली त्यांनी पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. तिचं बूचही काढलं नव्हतं.

सोप्यात बैठक बसली होती. रंगूबाईंचे थोरले दीर लालासाहेब खांबाला टेकून बसलेले, त्यांच्यासमोर जोतीराम, आणि उंबऱ्याजवळ पाय पसरून रंगूबाईंची धाकटी बहीण बनुबाई. ती इस्लामपूरहून कालच आली होती, आणि कशाला आली होती ते तिनं आल्या पावलीच सांगून टाकलं होतं.

"पोरगी माज्या जावंच्या भावाची हाय," बनुबाई पुन्हा म्हणाली. "हातापायानं धड, कामाला वाघीण. अंजनाला कुणी टाक म्हणतंय व्हय? ऱ्हाऊ दे की बिचारी. दोन घास तिलाबी मिळतील."

"मावशे," जोतीराम म्हणाला, "दोन घास खायाला तिनं लगीन केलं न्हवतं."

"मग तू काय करणार हाईस ते सांग. आठ दिसांनी तू जाणार पलटणीत. तुजी आई आता साठीला आली. चूल कुणी फुकायची? ती पोर बघितलीस का, शेवंता? काल पाणी मागत हुती. अंजना म्हणाली, देते. आन् बसली आपली. पोरगी तिथंच उभी, हात पुढं करून. शेवटाला मी दिलं."

मुठीत धरलेली टोपी जोतीरामनं या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली.

"जोती," लालासाहेब खाकरले, "मी काय म्हणतो. मिरजंचं औशद झालं. गुण आला, न्हाई म्हणत न्हाई. पर टिकला न्हाई. सा म्हैन्यात हुतं तितं आलं. एवढ्या मोठ्या डागदराची गोळी हरली, तितं आपून काय करणार? सयाजीला पाटणला सांगावा धाडू. भाऊ हाय तिचा. येऊन म्हायेरी घिऊन जाईल. तिला ईसावा, तुला मोकळीक."

"गोळी हरली," जोतीराम स्वतःशीच म्हणाला. ते दोन शब्द आत चुलीपर्यंत पोचले.

रंगूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती.

त्या परड्यात आल्या. शेवंता आईपासून हातभर अंतरावर मातीत बसली होती. एक ठिकरी उचलायची, आईच्या मांडीवर ठेवायची, तिच्या तोंडाकडे बघायचं, मग आपणच ती परत घ्यायची, असा तिचा खेळ चालला होता. दोन वर्षांच्या पोरीला कुणी शिकवलं नव्हतं, पण आईकडून लगेच काही मिळत नाही, वाट बघावी लागते, हे तिला कळून चुकलं होतं.

"ऐकलंस न्हवं सोप्यातलं?" रंगूबाई सुनेजवळ बसल्या.

अंजनानं मान वर केली. डोळ्यांखाली सूज, भुवयांची टोकं गळून गेलेली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "व्हय."

"मग सांगितलं का न्हाईस नवऱ्याला? चार दीस झालं त्याला येऊन. सासूनं माजी गोळी बंद केली, एवढंच म्हणायचं हुतं."

अंजना बघत राहिली. शब्द जमवायला तिला वेळ लागत होता, आणि रंगूबाईंना तो वेळ काट्यासारखा टोचत होता.

"तुमी... देवाला बोलला हुता, आत्याबाई. माज्यासाटनंच की. मी कशी सांगू?"

रंगूबाईंनी तिचा हात हातात घेतला. चैत्राच्या दुपारी तो हात माठाच्या बुडासारखा गार होता.

बोलल्या होत्या खऱ्या. मिरजेला निघायच्या आदल्या दिवशी देव्हाऱ्यापुढं पदर पसरून म्हणाल्या होत्या, "म्हसवडच्या सिद्धनाथा, माजी सून उठून कामाला लागू दे. औशदाची बाटली तुज्या पायरीवर आणून ठेवीन, आन् पुन्यांदा औशदाचं नाव काढणार न्हाई." नाथानं ऐकलं. मग शब्द मोडायचा कसा? मार्गशीर्षात सगळी म्हसवडला गेली. जोतीराम तेव्हा पलटणीत होता. खोबरं-गुलालाची उधळण चालली असताना रंगूबाईंनी पदराआडून बाटली काढली आणि गर्दीतल्या पायांमधून हात घालून पायरीच्या कडेला ठेवली. निम्मी भरलेली होती. अंजना शेजारीच उभी होती, हसत होती, कडेवर शेवंता होती.

पुढचा महिना काही झालं नाही. रंगूबाईंना वाटलं, बघा, देवाचं औषध वेगळंच. मग माघात अंजनानं एकदा अंगाला घोंगडं मागितलं.

आता बाटली परत उघडावी तर देवाला दिलेला शब्द जातो. न उघडावी तर सून जाते. चार महिने रंगूबाई या दोन भिंतींमध्ये उभ्या होत्या आणि पत्रात थोरल्या दिरांच्या हातून 'सर्व खुशाल' लिहून घेत होत्या.

"वैनी हाईत का?" परड्याच्या कुडामागून हाक आली.

धुळा होता. माण तालुक्यातला धनगर, दर वर्षी ऊस तुटून गेला की त्याचा कळप यांच्या मोकळ्या रानात बसायचा. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत होई, आणि त्याच्या बदल्यात घरातून धान्य आणि मीठ जाई. वीस वर्षांचा रिवाज. रंगूबाईंच्या मालकांच्या दहाव्यालाही धुळा घरच्यासारखा राबला होता.

"मीठ न्ह्याया आलोय," तो म्हणाला. खांद्यावरची काठी खाली ठेवून त्यानं शेवंताच्या टाळूवर हात फिरवला.

बनुबाई सोप्यातून ओरडली, "आरं धुळा, आठ दिसामागं शेरभर न्हेलंस म्हणत हुती आक्का. मेंढरं खात्यात का तू खातोस?"

"मी कशाला खातोय, बाईसायेब." धुळा हसला. "मेंढराला आठवड्याला मीठ लागतंच. दिलं की नीट चरत्यात. न्हाई दिलं की माती चाटाया लागत्यात, लोकर झडती, मान खाली घालून हुबी ऱ्हात्यात."

"मग मागल्या येळचं कुटं गेलं?"

"गेलं की अंगात. मागल्या आठवड्याचं मीठ ह्या आठवड्याला कसं पुरंल? मीठ म्हंजी काय खरजंचं औशद हाय व्हय, खरूज गेली की मडकं टाकून दिलं? ते त्येंच्या अंगालाच लागतंय. हाय तवर द्यायाचं."

तो सहज बोलला आणि मिठासाठी घोंगड्याचा सोगा पसरून उभा राहिला. रंगूबाई मात्र जागच्या जागी थांबल्या होत्या. मिरजेचा डॉक्टर डोळ्यांपुढं आला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनाच सांगत होता: बाई, गळ्यात एक गाठ असते, सगळ्यांच्याच असते. अंगाची चूल पेटती राहावी असा रस ती करते. हिची गाठ थकली आहे. ही गोळी म्हणजे तोच रस. रोज द्यायची, आयुष्यभर. त्या वेळी रंगूबाईंनी मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, दवाखान्याची माणसं असंच बोलतात. जन्मभर पुरणारं औषध कुठं असतंय का.

औषध नव्हतंच ते. मीठ होतं.

रंगूबाई आत गेल्या. धुळ्याला वाटलं, मीठ आणायला गेल्या. त्यांनी पिठाच्या डब्यामागून बाटली काढली, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि सोप्याच्या दारात आल्या. थोरल्या दिरांसमोर त्या आजवर दाराआडूनच बोलत आल्या होत्या, तेही कुणाच्या तरी मार्फत. आज उंबरा ओलांडून बाहेर आल्या. लालासाहेब सावरून बसले.

"भावजी," त्या म्हणाल्या, "सयाजीला सांगावा धाडू नगा. गोळी हरल्याली न्हाई. गोळी मी बंद क्येली."

त्यांनी बाटली जोतीरामपुढं धरली.

"मार्गशीर्षापास्नं पोरीच्या तोंडात एक गोळी गेली न्हाई. नवस बोलल्ये हुते मी. निम्मी बाटली नाथाच्या पायरीवर ठिवून आल्ये. आन् जोती, तू आणल्याली ही. हिचं बूचबी काढलं न्हाई."

जोतीरामनं बाटली हातात घेतली, फिरवली.

"आई," तो म्हणाला, आवाज चढवला नाही, आणि तेच रंगूबाईंना जास्त लागलं. "ब्रम्हदेशात आमाला तापाची पिवळी गोळी रोज परेडीला तोंडात टाकाया लावायची. सुभेदार जबडा उघडून बघायचा. ज्यानं थुकली, तो चार दिसांनी डोलीतनं गेला. मी तितं रोज गोळी गिळताना म्हणायचो, घरी अंजनानंबी घेतली आसंल. आन् हितं..." तो थांबला. "चार ओळी तरी धाडायच्या हुत्या."

"ओळी मी लिवल्या," लालासाहेब हळूच म्हणाले. ते खांबापासून सुटून बसले होते. "खुशाल म्हणून लिवलं. पोरगी रोज डोळ्याम्होरं हुती, तरी खुशाल लिवलं. एकल्या तुज्या आईला काय म्हणतोस?"

परड्याच्या दाराशी अंजना येऊन उभी होती. कधी उठली, कधी चालत आली, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती म्हणाली, "त्येंला... बोलू नगा. माज्यासाटनं... उपाशी ऱ्हायल्या त्या. पाच ऐतवार."

एवढं बोलून तिला धाप लागली. जोतीरामनं उठून तिला चौकटीशी बसवलं, घोंगडं नीट केलं.

"आता घे म्हणावं गोळी," बनुबाई म्हणाली. "पर नवसाचं काय, आक्का? देवाला दिल्यालं माघारी घ्यायाचं? नाथ काय गप बसंल? आदीच घरात दाजींचं मरण झालंय."

हाच तो काटा होता. रंगूबाई खाली बसल्या. सगळं सांगून झालं होतं, आणि तरी त्या भिंती तिथंच होत्या.

जोतीराम बाटलीवरची इंग्रजी अक्षरं बघत होता. एकदम त्याच्या तोंडावर विचित्र भाव आला. लहानपणी गुळाची ढेप फोडताना सापडला की यायचा तसा.

"आई, एक गोष्ट मीबी सांगितली न्हवती तुला."

"काय रं?"

"ही गोळी कशाची आसती म्हाईत हाय का? डागदरानं मला बाजूला घिऊन सांगितल्यालं. मेंढराच्या गळ्यातली गाठ. वाळवायची, दळायची, गोळी करायची."

"मेंढराची?" बनुबाईनं पाय आवरून घेतले.

"मेंढराचीच. तुमी ऐतवार धरता. म्हटलं, सांगितलं तर पयल्याच दिवशी बाटली उकिरड्यात जाईल."

धुळा परड्याच्या दारात अजून सोगा पसरून उभा होता. "आमच्या मेंढराच्या गळ्यातली?" त्यानं आपल्याच गळ्याला हात लावला. "ती बारकी, लाल? ती तर आमी कुत्र्याला टाकतो की, वैनी."

रंगूबाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं. सगळ्यांना वाटलं, रडतात. पण त्यांचे खांदे वेगळेच हलत होते.

"आगं बया," त्या म्हणाल्या. "ऐतवारचा दीस, म्हसवडची यात्रा, आन् मी नाथाच्या पायरीवर मटान ठिवून आल्ये."

पहिले हसले ते लालासाहेब. त्यांचं हसू ऐकून वर्ष झालं असेल. मग धुळा, मग जोतीराम. बनुबाई दोन्ही कानांना हात लावत होती आणि हसतही होती. अंजनाला हसायला जरा उशीर झाला, पण ती हसली, आणि ते घोगरं, मागाहून आलेलं हसू ऐकून शेवंतानं ठिकरी खाली टाकली.

"त्यो घील कसं ते?" रंगूबाई डोळे पुसत म्हणाल्या. त्या आता देवाशीच बोलत असाव्यात तशा बोलत होत्या. "न्हाईच घेतलं त्यानं. माघारी धाडलं, पोरीच्या अंगावर दावलं. चार म्हैनं सांगत हुता, मलाच कळंना. आन् खरं म्हंजी बाटली माजी हुती का? पोरीची हुती. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून मी देवाला वाढलं. द्यायाचं तर आपलं द्यावं."

त्यांनी कमरेची चंची सोडली. आतून पितळी डबी काढली. मिश्रीची. लग्न झाल्यापासून सकाळी डोळा उघडला की पहिलं बोट त्या डबीत जात होतं. मिश्री लावल्याशिवाय त्या कुणाशी धड बोलत नसत, हे गावाला ठाऊक होतं. परड्यात जाऊन त्यांनी डबी उपडी केली. काळी भुकटी शेवग्याच्या बुडाशी पडली.

"नाथा, आजपास्नं ही बंद. जीव जाईस्तवर बंद. पोरीची गोळी मातर चालू."

"आक्का, मरशील," बनुबाई कळवळून म्हणाली. "घरातल्यांला मारशील आदी."

"तू जा इस्लामपूरला, मग तुला धोका न्हाई," लालासाहेब म्हणाले. "आन् त्या वाघिणीला दुसरं घर बघ."

बनुबाईनं तोंड वाकडं केलं. पण आत जाऊन धुळ्याला मीठ तिनंच घातलं, आणि शेराच्या जागी सव्वा शेर घातलं.

दुसऱ्या दिवशी गाडी मिरजेला गेली. डॉक्टर रागावला नाही. नवसाचं ऐकून त्यानं चष्मा पुसला आणि म्हणाला, एकदम पूर्ण गोळी नको, हृदयाला झेपायला हवी. वीस दिवस अर्धी, मग पूर्ण. जोतीरामची रजा संपली. जाताना त्यानं आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि उठताना म्हणाला, "आता सुभेदार तू."

आणि रंगूबाईंनी सुभेदारी केली. गोळ्या त्यांनी त्याच पितळी डबीत ठेवल्या. राखेनं तीनदा घासली तरी वास काही गेला नाही. रोज उजाडताना सवयीनं हात डबीकडे जाई, डोकं ठणकत असे, जीभ मिश्रीसाठी वळवळत असे. मग त्या डबी उघडत, एक गोळी काढत, सुनेला उठवत, गिळेपर्यंत समोर बसत आणि जबडा उघडायला लावत. त्यानंतर मिठानं स्वतःचे दात घासत आणि दुपारपर्यंत सगळ्यांवर खेकसत. लालासाहेब न्याहारी शेतावर मागवायला लागले होते.

दहा दिवस काही फरक नाही. बारा दिवस नाही. रंगूबाईंच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली, पण गोळी एकही चुकवली नाही.

एकविसाव्या दिवशी त्या उठल्या तेव्हा शेजारचं अंथरूण रिकामं होतं. घोंगडं पायथ्याशी गोळा होऊन पडलं होतं, लाथाडल्यासारखं. डबी घेऊन त्या तशाच परड्यात आल्या.

अंजना दगडावर बसून तोंड धूत होती. कपाळावर, ओठावर घामाचे बारीक थेंब होते.

"काय उकडतंय आत्याबाई रातच्याला," ती म्हणाली. "ते घोंगडं धुळामामाला दिऊन टाका, माज्या अंगावर नगा घालू. आन् गोळी आणलीया का? आज आख्खी हाय न्हवं? त्या डबीतली गोळी मिश्रीवाणी लागतीया, मला याड लागंल एकांदं."

किती दिवसांनी ती एका दमात इतकं बोलली होती. अजून आवाज घोगरा होता, पण मधे थांबला नव्हता. रंगूबाईंनी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. हात ऊन होता. त्यांनी तो जरा जास्त वेळ धरून ठेवला, मग सोडला.

"आ कर," त्या खेकसल्या. "बघू दे."

अंजनानं जबडा उघडला. मागून झोपेनं पेंगुळलेली शेवंता डोळे चोळत आली, आईपासून हातभर अंतरावर थांबली आणि हात पुढं करून म्हणाली, "पा—"

तिचं पाणी म्हणून व्हायच्या आत आईच्या हातचा तांब्या तिच्या ओठाला लागला होता.